चहाबरोबरचं पान

पुण्यात राहणारी माझी भाची सकाळी सातला गॅसवर चहाचं आधण ठेवते आणि ते उकळेपर्यंत ओट्याच्या कोपऱ्यावर टॅरोचा 78 पानांचा जोड पिसते. एक पान काढते, मिनिटभर बघते, शेजारच्या वहीत दोन ओळी खरडते आणि मग साखर घालते. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे होतो. त्या सकाळी चकत्यांची अठ्ठी आली होती: बाकावर बसलेला, कमरेला ॲप्रन बांधलेला एक कारागीर हातोडी-छिन्नीने धातूच्या चकतीवर चांदणी कोरतोय, आणि कोरून झालेल्या चकत्या खांबावर एकाखाली एक टांगल्या आहेत. तिने वहीत लिहिलं, 'आज काम पाठवायच्या आधी एकदा पुन्हा वाचायचं.'

मी विचारलं, ‘‘हे भविष्य का गं?’’

‘‘छे मामा, भविष्य कोण विचारतंय! आज कसं वागायचं ते ठरवते.’’

जोडाच्या खोक्यात एक छोटी पुस्तिका होती. तिच्यात म्हटलं होतं, की ही पानं प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांनी आपलं गूढ ज्ञान लपवण्यासाठी निर्माण केली. भाचीचं म्हणणं साधं होतं आणि मला पटलं. पुस्तिकेचं म्हणणं भव्य होतं आणि साफ खोटं. पण हे खोटं कुठून आलं आणि त्यातून भाचीची ही साधी सवय कशी निघाली, याची गोष्ट पुस्तिकेतल्या गोष्टीपेक्षा जास्त मजेदार आहे.

सुरुवात इजिप्तमध्येच करू, पण फॅरोंच्या नव्हे, मामलूक सुलतानांच्या. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलूक काळातल्या पत्त्यांचा एक जोड आहे. एल. ए. मेयर या अभ्यासकाने 1939 मध्ये तो जगापुढे आणला. त्यात चार रंग आहेत: पेले, नाणी, तलवारी आणि चौगान खेळायच्या, म्हणजे पोलोच्या, काठ्या. माणसांची चित्रं नाहीत, नुसती नक्षी आणि सुंदर अक्षरं. वरची तीन पानं म्हणजे मलिक, त्याचा नायब आणि दुसरा नायब. हे पत्ते भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात गेले तेव्हा तिथल्या लोकांनी बहुधा या नायबावरूनच खेळाला नाव दिलं. 1377 मध्ये फ्लॉरेन्स शहराने 'नाइब्बे' नावाच्या नव्या खेळावर निर्बंध घातले. स्पॅनिशमध्ये पत्त्यांना आजही 'नाइपेस' म्हणतात. आपल्याकडे हाच शब्द दुसऱ्या वाटेने आला आणि तालुक्याच्या कचेरीत नायब तहसीलदार होऊन बसला. 'नवाब' हेही त्याच नायबाचं अनेकवचन.

तोपकापीच्या एका पानावर 'कंजिफा' असा शब्द आहे. मराठी वाचकाला इथे सावंतवाडी आठवायला हरकत नाही. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफ्याचे पत्ते पाठवल्याची नोंद 'बाबरनामा'त आहे. तोच खेळ पुढे देशभर पसरला आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या हातून दशावतारी गंजिफा झाला. पानं गोल, एकूण 120, दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा आणि एक प्रधान, म्हणजे मलिक आणि नायबच. टॅरो आणि गंजिफा ही अशी चुलत भावंडं आहेत. एक पश्चिमेला गेलं, एक पूर्वेला आलं. टॅरो पूर्वेकडून आलं, असं सांगणाऱ्यांचं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण आला तो जुगार आणि करमणूक. गूढ ज्ञान काही त्या गाठोड्यात नव्हतं.

पश्चिमेला गेलेल्या भावंडाचं काय झालं, ते फक्त काठ्यांवरून पाहा. युरोपातल्या माणसाला पोलो ठाऊक नव्हता. त्यामुळे पोलोच्या काठीची साधी लाठी झाली आणि पुढे इंग्रज गूढवाद्यांच्या हाती ती जादूची छडी झाली. आज 'वाँड्स' म्हणून जिच्यात अग्नितत्त्व आणि प्रेरणा बघतात, ती मुळात घोड्यावर बसून चेंडू टोलवायची काठी होती.

टॅरो म्हणून ज्याला ओळखता येईल अशा जोडाची आजवर सापडलेली सर्वांत जुनी नोंद फ्लॉरेन्सची, सप्टेंबर 1440 ची. जुस्तो जुस्ती नावाच्या एका नोटरीने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, की सिजिस्मोंदो मालातेस्ता या सरदाराला भेट देण्यासाठी 'नाइबी अ त्रिओन्फी'चा एक जोड घेतला. त्रिओन्फी म्हणजे विजय. चार रंगांच्या नेहमीच्या पानांवर मात करणारी वरचढ पानं या जोडात होती; पुढे ती 22 ठरली. मागितलेल्या रंगाचं पान हातात नसेल तर यातलं एखादं टाकायचं आणि हात मारायचा. इंग्रजीतला 'ट्रम्प', हिंदीतला 'तुरुप' ही याच शब्दाची पिलावळ. आपण मराठीत त्याला हुकूम म्हणतो. युरोपच्या पत्त्यांत हुकमाची कल्पना रुजली, तिच्यात या खेळाचा मोठा वाटा आहे. टॅरोने जगाला नक्की काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी आधी हुकमाचं नाव घेईन. भाचीचा सकाळचा संकल्प नंतर.

मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी पंधराव्या शतकाच्या मध्यावर रंगवलेल्या एका जोडाची 74 पानं आज शिल्लक आहेत. काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, काही बेर्गामोच्या संग्रहालयात, 13 एका घराण्याच्या ताब्यात. सोन्याचा मुलामा चढवलेली ही पानं पाहिली की यांनी खेळायचं की ओवाळायचं, असा प्रश्न पडतो. त्यांच्यावर सम्राट आहे, दैवाचं चाक आहे, मृत्यू आहे, शेवटच्या न्यायाचा कर्णा आहे. आज ही चित्रं गूढ वाटतात. तेव्हाच्या इटालियन माणसाला ती चर्चच्या भिंतीवर आणि मिरवणुकांत रोज दिसत. दशावतारी गंजिफ्यावरचा मत्स्य कोण आणि वराह कोण हे सावंतवाडीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तसंच.

पुढची साडेतीनशे वर्षं लोक हा खेळ खेळत राहिले. 'तारोक्की' हे नाव 1505 च्या सुमारास फेरारात दिसतं. खेळ पुढे फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियात पसरला. फ्रान्स आणि ऑस्ट्रियातल्या कॅफेंत तो आजही रंगतो. सिग्मंड फ्रॉइड दर शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर 'तारोक'चा डाव मांडत असे. माणसाच्या अंतर्मनाचा तळ शोधणारा हा गृहस्थ आठवड्याला टॅरोची पानं हातात घेत होता आणि त्यांच्यात त्याला दिसत होते ते फक्त गुण!

मग 1781 उजाडतं. आंत्वान कूर द जेबलँ हा फ्रेंच विद्वान, प्रॉटेस्टंट पाद्री आणि फ्रीमेसन, जगातल्या सगळ्या संस्कृतींचं मूळ शोधणारा एक अवाढव्य ग्रंथ लिहीत होता. पॅरिसमध्ये तोवर टॅरोचा खेळ जवळजवळ विसरला गेला होता. एका बैठकीत त्याने काही मंडळींना तो खेळताना पाहिलं आणि जागच्या जागी त्याला साक्षात्कार झाला, की हा तर इजिप्तच्या थोथ देवतेचा ग्रंथ! इजिप्तची मंदिरं जळाली, पण पत्त्यांचं सोंग घेतल्यामुळे हे ज्ञान वाचलं. 'टार' म्हणजे मार्ग आणि 'रो' म्हणजे राजा, म्हणून टॅरो म्हणजे राजमार्ग, अशी व्युत्पत्तीही त्याने ठोकून दिली. तेव्हा प्राचीन इजिप्तची लिपी वाचू शकणारा एकही माणूस युरोपात नव्हता. शाँपोल्यों या अभ्यासकाने ती उलगडली 1822 मध्ये. ती वाचता आली तेव्हा तिच्यात टॅरोचा मागमूस निघाला नाही. पण तोवर 41 वर्षं गेली होती, आणि 41 वर्षांत अफवेची परंपरा होते. भाचीच्या पुस्तिकेतलं वाक्य तिथून आलं आहे.

जेबलँने सिद्धांत दिला, धंदा केला दुसऱ्याने. अलिएत नावाच्या पॅरिसच्या एका माणसाने आपलं आडनाव उलटं लिहून 'एतेया' हे नाव घेतलं. साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक त्याने 1770 मध्येच काढलं होतं. आता तो टॅरोकडे वळला, शिकवण्या घेऊ लागला, आणि 1789 च्या सुमाराला खास भविष्यासाठी आखलेला पहिला जोड त्याने छापून आणला. पान सुलट आलं तर एक अर्थ, उलट आलं तर दुसरा, ही शिस्तही त्याचीच. स्वतःचं नाव उलटं करून नवा अर्थ मिळवणाऱ्याला हे सुचावं, यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकातला गूढवाद भराभर उलटून टाकू. एलिफास लेव्ही या गूढवाद्याने 22 हुकूम हिब्रूच्या 22 अक्षरांना जोडले. 1888 मध्ये लंडनला 'गोल्डन डॉन' नावाची गुप्त मंडळी निघाली. कवी येट्स तिचा सभासद होता. या सगळ्यांनी कागदावर कोष्टकं खूप केली, पण त्यांच्या कोष्टकांवरून स्वयंपाकघरात उभं राहून कुणालाही दिवसाचा संकल्प करता आला नसता. अडचण चित्रांची होती. मार्सेयच्या जुन्या छापाच्या जोडात चकत्यांच्या अठ्ठीवर आठ चकत्या असतात. बस. आपल्या चौकटच्या अठ्ठीवर आठ चौकटी असतात तशा. तिच्याकडे बघून काय ठरवणार?

ही अडचण सोडवली पामेला कोलमन स्मिथने. माझ्या मते या कथेची नायिका तीच आहे आणि बाकी सगळे पुरुष पाहुणे कलाकार.

पामेलाचा जन्म 1878 चा, लंडनचा. बालपण मँचेस्टर आणि जमैकात गेलं, चित्रकलेचं शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट संस्थेत. जमैकाच्या अनान्सी कोळ्याच्या लोककथा तिने 1899 मध्ये पुस्तकरूपात आणल्या. लंडनला लायसियम नाटक मंडळीबरोबर, हेन्री अर्व्हिंग आणि एलेन टेरी यांच्या सावलीत, ती नेपथ्य आणि वेशभूषा शिकली. 'ग्रीन शीफ' नावाचं छोटं मासिक काढलं. संगीत ऐकताना डोळ्यांपुढे येणारी दृश्यं ती रंगवत असे. न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टीग्लिट्झने आपल्या छायाचित्रांच्या दालनात 1907 मध्ये छायाचित्रं सोडून पहिल्यांदाच दुसरं काही मांडलं, ती हिची चित्रं होती.

'गोल्डन डॉन'मध्ये ती 1901 मध्ये आली. तिथेच तिची गाठ आर्थर एडवर्ड वेट या जडजंबाल लिहिणाऱ्या विद्वानाशी पडली. वेटला नवा टॅरो हवा होता. 1909 च्या वसंतापासून शरदापर्यंत पामेलाने सगळी चित्रं काढली आणि डिसेंबरात रायडर कंपनीने जोड बाजारात आणला. 22 हुकमांबद्दल वेटने तिला बारीक सूचना दिल्या असाव्यात. पण दुर्री-तिर्रीसारखी आकड्यांची 40 पानं वेटच्या लेखी दुय्यम होती आणि तिथे त्याने तिला बरंचसं मोकळं सोडलं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. तिने त्या 40 पानांना रंगमंच केलं. जवळजवळ प्रत्येक पानावर प्रसंग आणि माणसं. पलंगावर उठून बसून तोंड ओंजळीत लपवलेली बाई, आणि मागच्या काळोखात नऊ तलवारी. बर्फात चर्चच्या उजळ खिडकीखालून लंगडत जाणारे दोन भिकारी. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला पोरगा, समोर आलेल्या पेल्याकडे ढुंकूनही न बघणारा. इटलीतल्या सोला बुस्का या पंधराव्या शतकाच्या अखेरच्या जोडात सगळ्या पानांवर चित्रं होती, आणि त्याची छायाचित्रं 1907 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. पामेलाने ती पाहिली असणार. तलवारींच्या तिर्रीवरचं तीन तलवारींनी भोसकलेलं काळीज तिथलंच आहे. पण बाकीच्या बहुतेक जागी तिने आपला नाट्यानुभव कामाला लावला. पात्राने उभं कसं राहायचं, पाठ कुणाकडे करायची, कुणाच्या पायाखाली किती उतार ठेवायचा, हे तिला नेमकं कळत होतं. म्हणून त्या पानांकडे बघताना माणूस आपोआप विचारतो, इथे नक्की काय चाललंय? आणि उत्तर देताना स्वतःचंच काहीतरी सांगून बसतो.

भाचीने कारागिराकडे बघून जे लिहिलं, ते पुस्तिकेतल्या अर्थावरून नव्हतं. ते त्या वाकलेल्या मानेवरून होतं.

काम संपल्यावर पामेलाने स्टीग्लिट्झला पत्रात कळवलं, की मोठं काम हातावेगळं केलं, पैसे मात्र फारच थोडे मिळाले. जोडाला नाव पडलं प्रकाशकाचं आणि वेटचं: रायडर-वेट.

तरी रोज एक पान काढायची रीत अजून जन्मायची होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत टॅरो म्हणजे मधे टेबल, पलीकडे जाणती बाई आणि अलीकडे घाबरलेलं गिऱ्हाईक. स्वतःचं पान स्वतः वाचू नये, असं अनेकजण मानत. न्यूयॉर्कमध्ये पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या ईडन ग्रे यांनी 1960 मध्ये सोप्या इंग्रजीत पुस्तक लिहिलं. स्टुअर्ट कॅप्लन यांच्या कंपनीने पामेलाचा जोड सत्तरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत आणला. तोवर तिथली तरुण पिढी योग, आय चिंग आणि कार्ल युंग एकाच झोळीत घेऊन फिरत होती. झोळीत जागा होतीच.

1980 साल मला फार आवडतं. त्या वर्षी दोन पुस्तकं आली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी सहाशेहून जास्त पानांच्या ग्रंथात दाखवून दिलं, की टॅरो शतकानुशतकं खेळ होता, केवळ खेळ, आणि गूढवाद हे मागाहून चिकटवलेलं लेबल. त्याच वर्षी रेचल पोलॅक यांच्या 'सेव्हंटी-एट डिग्रीज ऑफ विज्डम'चा पहिला भाग आला. पोलॅक यांना पानांत भविष्यापेक्षा माणसाच्या घडणीच्या कथा दिसत होत्या. डमेटनी भूतकाळ काढून घेतला आणि पोलॅकबाईंनी त्याची गरजच उरू दिली नाही. चार वर्षांनी, 1984 मध्ये, मेरी ग्रीअर यांचं 'टॅरो फॉर युअर सेल्फ' आलं. ते वाचायचं पुस्तक नव्हतंच. ती भरायची वही होती: पान काढा, काय दिसतं ते लिहा, स्वतःला प्रश्न विचारा. टेबलापलीकडची बाई उठून गेली आणि तिच्या खुर्चीत गिऱ्हाईक स्वतःच येऊन बसलं. त्याच सुमारास, 1981 मध्ये, स्कॉटलंडच्या फाइंडहॉर्न वसाहतीतून 'एंजल कार्ड्स' निघाली. एका पानावर एकच शब्द, धीर किंवा मोकळेपणा यांसारखा, तोच दिवसभर मनात ठेवायचा. आजची सकाळच्या पानाची रीत ही या वहीची आणि या शब्दाची लेक आहे. म्हणजे वय चाळीस-पंचेचाळीस. भाचीच्या आईपेक्षा लहान.

पण दिवसाचा शब्द नशिबावर सोडून काढायचा, ही ओढ मात्र जुनी. जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या ख्रिस्ती बंधुसंघात 1728 पासून रोजचं एक वचन देण्याची प्रथा आहे. 1731 पासून ती वर्षाच्या छापील पुस्तिकेतून चालते आणि त्यातली जुन्या करारातली वचनं आजही चिठ्ठ्या काढून निवडतात. आपल्याकडे कोकण-गोव्यात देवापुढे कौल लावतात, मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून हे बघतात. फुटपाथवरचा पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन चोचीने पाकीट ओढायचा, तो तर आमच्या पिढीचा टॅरो! फरक असा, की कौल देवाला विचारतो करू की नको, पोपट सांगतो काय होणार, आणि भाची विचारते मी कशी वागू. पहिल्या दोघांकडे उत्तर असतं. तिच्याकडे नुसतं चित्र.

राहिला संकल्प. योगवर्गांत आणि टॅरोच्या वह्यांत 'इंटेन्शन सेट करणं' म्हणतात, त्यामागे आपला संकल्प उभा आहे. सत्यानंद सरस्वतींनी योगनिद्रेत संकल्पाची पायरी ठेवली, त्यांचं त्यावरचं पुस्तक 1976 चं, आणि पश्चिमेतले योगशिक्षक हा शब्द 'इंटेन्शन' असाच भाषांतरित करतात. पण वाटेत काहीतरी सांडलं. घरच्या पूजेतला संकल्प आठवा. गुरुजी कुठला खंड, कोणत्या नदीचं कुठलं तीर, कोणतं संवत्सर, कोणती तिथी हे सगळं उच्चारून, यजमानाचं नाव-गोत्र घेऊन, मग नेमकं कोणतं कर्म करणार ते वदवून घेतात आणि तळहातावरचं पाणी सोडायला लावतात. त्यात अळंटळं करायला जागा नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये मांडलेली गोष्ट याच्या फार जवळ जाते: 'मी नीट वागेन' असल्या मोघम निश्चयापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक घडलं की मी तमुक करीन' असा निश्चय पार पडण्याची शक्यता बरीच जास्त. टॅरोच्या वह्यांत 'आज मी विपुलतेचं स्वागत करते' छापाची वाक्यं दिसतात, तेव्हा मला त्या गुरुजींची आठवण येते. विपुलता कोणत्या तीरावर, कोणत्या तिथीला?

भाचीचं वाक्य या कसोटीला उतरलं होतं, हे मला तिला सांगायचं राहिलं. एकदा मनोरा आला, वीज पडून माणसं खाली कोसळतायत तो, तर म्हणाली, ‘‘आज रिलीज आहे रे मामा, दुसरं काढते.’’ आणि काढलं. पोपटवाल्याने असं करू दिलं नसतं. हजार रुपये घेऊन फोनवर 'एनर्जी' सांगणारे तर मनोऱ्यावरच उतारा विकतात.

पामेला 1951 च्या सप्टेंबरात कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी वारली. देणी इतकी होती की ती भागवण्यासाठी तिचं सामान लिलावात काढावं लागलं. तिने काढलेल्या मूळ चित्रांचा आजवर पत्ता नाही. पण तुमच्या किंवा तुमच्या भाचीच्या घरी तिच्या चित्रांचा जोड असेल, तर उद्या सकाळी पानाचा अर्थ शोधायच्या आधी खालचा कोपरा बघा. पी, सी, एस ही अक्षरं वेलीसारखी एकमेकांत गुंतवलेली दिसतील. ती नक्षी नाही, तिची सही आहे.